टेस्टवरून लाइव्हवर नोंदी नेताना: ‘डुप्लिकेट की’ एररच्या कसोटीवर पोस्टग्रेसची साधने

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्याची संगणकप्रणाली मी सांभाळतो. सुताची आवक, मागनिहाय उत्पादन, रंगाईला गेलेला माल, ऑर्डरी आणि बिले असा तिथला सगळा व्यवहार पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर चालतो आणि त्या डेटाबेसच्या डेव्हलपमेंट, टेस्ट व लाइव्ह अशा तीन प्रती आहेत. या प्रतींमध्ये नोंदींची ने-आण कायम सुरू असते. नव्या डिझाइनचे मास्टर (मूळ माहितीच्या नोंदी) आधी टेस्टवर भरून तपासले जातात आणि मग लाइव्हवर जातात. लाइव्हवरची एखादी अडचण शोधायची असेल तर तिथल्या पार्ट्या आणि ऑर्डरी उलट दिशेने टेस्टवर आणाव्या लागतात. या कामात सर्वांत जास्त वेळ जातो तो ‘डुप्लिकेट की’ या एररमध्ये. पोस्टग्रेससोबत मिळणारी पीजी-डंप (डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, फाइलमध्ये काढणारे), पीजी-रिस्टोअर (तो डंप परत भरणारे) आणि पीएसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देणारे) ही साधने, तसेच कॉपी (फाइलमधल्या नोंदी एकदम टेबलात भरणारी) व ऑन कॉन्फ्लिक्ट (नोंद अडली तर काय करायचे ते सांगणारी) या दोन सोयी, यांचे हे परीक्षण त्याच एका कसोटीवर केले आहे: ही एरर आली असता तिचे खरे कारण शोधायला साधन किती मदत करते आणि कुठे ते कारण झाकून टाकते.

कसोटी अशी ठेवण्याचे कारण आधी सांगतो. ही एरर एवढेच सांगते की तुम्ही आणलेली किल्ली (की, म्हणजे नोंद ओळखण्याचा क्रमांक किंवा कोड) टेबलात आधीपासून आहे. ती किल्ली धरून बसलेली नोंद आणि तुम्ही आणलेली नोंद एकाच वस्तूची आहे, की दोन वेगळ्या वस्तूंना योगायोगाने एकच क्रमांक मिळाला आहे, याबद्दल ती काहीही बोलत नाही. नोंद एकच असेल तर ती वगळणे किंवा अद्ययावत करणे योग्य असते, परंतु नोंदी वेगळ्या असतील तर वगळणे म्हणजे कुणाची तरी ऑर्डर गायब करणे होय. एरर दिसताच ती बंद कशी करायची याचा उपाय शोधणारे पुष्कळ भेटतात, पण हा प्रश्न आधी विचारणारे फार थोडे. माझ्या मते सगळी दुरुस्ती या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

सुरुवात एररच्या मजकुरापासूनच करायला हवी, कारण पोस्टग्रेसची सर्वांत जमेची बाजू तिथेच आहे. पहिल्या ओळीत कोणत्या युनिक कन्स्ट्रेंटचा (एकच किल्ली दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाचा) भंग झाला त्याचे नाव येते, उदाहरणार्थ ‘ऑर्डर्स_पीकी’. त्याखाली ‘डिटेल’ या ओळीत स्तंभ आणि प्रत्यक्ष किंमत (व्हॅल्यू) येते: आयडीची किंमत 813, ती आधीच अस्तित्वात आहे. नोंदी कॉपीने भरत असाल तर तिसरी ‘कॉन्टेक्स्ट’ ओळ फाइलमधली नेमकी कितवी ओळ अडली तेही सांगते. या एररचा ठरलेला कोड 23505 आहे, त्यामुळे प्रोग्रॅममधून ती ओळखायला मजकूर चाळावा लागत नाही. मायएसक्यूएलची 1062 क्रमांकाची एररही अडलेली किंमत आणि किल्लीचे नाव देते. पण कन्स्ट्रेंट, किंमत आणि फाइलमधली ओळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे ही सोय पोस्टग्रेसमध्ये मला विशेष वाटते. दुर्दैवाने बहुतेक वेळा ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. अ‍ॅप्लिकेशन लिहिणारे पहिली ओळ पकडून ‘काहीतरी चुकले’ असा संदेश दाखवतात आणि डिटेलची ओळ टाकून देतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये ती मिळते, मात्र लॉग-एरर-व्हर्बोसिटी ही सेटिंग ‘टर्स’ वर ठेवली असेल तर तिथूनही डिटेल गाळले जाते. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी ही सेटिंग पाहावी आणि तिन्ही ओळी समोर आणाव्यात.

कन्स्ट्रेंटचे नाव वाचले की अर्धा रस्ता कळतो. नाव प्रायमरी कीचे (टेबलातल्या मुख्य किल्लीचे) असेल तर भांडण डेटाबेसने स्वतः दिलेल्या क्रमांकाचे आहे. नाव जीएसटी क्रमांकाच्या, बिल क्रमांकाच्या किंवा डिझाइन कोडच्या युनिक इंडेक्सचे (युनिक कन्स्ट्रेंट ज्या सूचीवर चालते तिचे) असेल तर भांडण धंद्यातल्या खऱ्या ओळखीचे आहे. हे दोन आजार पूर्णपणे वेगळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या प्रकारातला सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे मागे पडलेला सीक्वेन्स. टेबलातला आयडी आपोआप वाढावा म्हणून पोस्टग्रेस टेबलाशेजारी सीक्वेन्स नावाची स्वतंत्र वस्तू ठेवते. नवी नोंद आयडीशिवाय आली तर सीक्वेन्समधून पुढचा आकडा घेतला जातो. नोंद स्वतःचा आयडी घेऊन आली तर सीक्वेन्सला त्याची खबरही लागत नाही. टेस्टवरून आयडीसकट नोंदी लाइव्हवर उतरवल्या, टेबलात 815 पर्यंतचे आयडी आले, आणि सीक्वेन्स 812 वरच राहिला, तर उतरवण्याच्या वेळी एकही एरर येत नाही. ती येते दुसऱ्या दिवशी सकाळी, डिस्पॅच (माल पाठवण्याच्या) विभागात. आमच्याकडे डिस्पॅच पाहणाऱ्या ताईंनी तिचे वर्णन जसे केले होते ते मला तांत्रिक अहवालापेक्षा अचूक वाटते: “सर, सेव्ह केलं की लाल पट्टी येतेय. पण तसंच परत परत दाबत राहिलं की चौथ्यांदा जातंय बघा.”

हे चौथ्यांदा जाणे आकस्मिक नसते. सीक्वेन्सने एकदा दिलेला आकडा डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे एकत्र पार पडणारे किंवा एकत्र रद्द होणारे काम) फसला तरी परत घेतला जात नाही. 813, 814 आणि 815 हे आकडे प्रत्येकी एकदा अडतात, प्रत्येक अपयशागणिक सीक्वेन्स एक पाऊल पुढे सरकतो आणि 816 ला वाट मोकळी मिळते. परत परत दाबल्यावर नोंद जात असेल तर निदान जवळजवळ पक्के समजावे. अंतर तीन आकड्यांचे असते तेव्हा हा प्रकार कुणाच्या लक्षातही येत नाही, तीन हजारांचे असते तेव्हा काम ठप्प होते. उपाय एका ओळीचा आहे: सेटव्हॅल या फंक्शनने सीक्वेन्सला टेबलातल्या कमाल आयडीवर आणून ठेवायचे. सीक्वेन्सचे नाव आठवणीने टाइप करण्यापेक्षा पीजी-गेट-सीरियल-सीक्वेन्स या फंक्शनला टेबल आणि स्तंभ देऊन ते विचारून घ्यावे. टेबल रिकामे असेल तर कमाल आयडी नल (किंमतच नाही अशी खूण) येतो आणि सेटव्हॅल काहीही न करता गप्प राहते, तेवढे ध्यानात ठेवावे.

आता साधनांकडे वळतो. पीजी-डंपबद्दल माझे मत एकंदर फार चांगले आहे. पूर्ण डेटाबेसचा डंप घेऊन रिकाम्या जागी रिस्टोअर करायचा असेल तर याच्याइतके भरवशाचे दुसरे साधन मी वापरलेले नाही. तो आधी टेबले बनवतो, मग नोंदी भरतो, सीक्वेन्स जागेवर आणतो आणि प्रायमरी की व युनिक इंडेक्स सर्वांत शेवटी बांधतो. त्यामुळे लाइव्हची संपूर्ण प्रत टेस्टवर हवी असेल तर आधीच्या टेस्टवर तीच लादण्याऐवजी नवा रिकामा डेटाबेस बनवून त्यात रिस्टोअर करावे. जुन्या नोंदींवर नव्या नोंदी ओतल्यामुळे येणाऱ्या एररी मग मुळात उद्भवतच नाहीत. पूर्ण प्रत टेस्टवर आणणार असाल तर पार्ट्यांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती आणल्याबरोबर बदलून टाकावीत, एवढे जाता जाता सांगतो, कारण टेस्टचा पासवर्ड बहुतेक कार्यालयांत सगळ्यांना ठाऊक असतो.

खरी अडचण पीजी-डंपच्या डेटा-ओन्ली या प्रकारात आहे आणि ती मी थोडी तपशिलाने सांगणार आहे, कारण ती सहज दिसत नाही. एकाच टेबलाच्या फक्त नोंदी न्यायच्या म्हणून डेटा-ओन्ली डंप घेतला तरी त्यात त्या टेबलाच्या मालकीच्या सीक्वेन्सचे सेटव्हॅल येते. रिकाम्या जागी हे वरदान असते. पण टेस्टवरचा सीक्वेन्स 812 वर आणि लाइव्हवरचा 5000 च्या पुढे असेल, तर हीच फाइल लाइव्हवर चालवल्यावर लाइव्हचा सीक्वेन्स 812 वर ओढून मागे आणला जातो. त्यात भर म्हणजे पीएसक्यूएल एरर आली तरी आपणहून थांबत नाही. कॉपी ‘डुप्लिकेट की’ म्हणून फसली, त्यातली एकही नोंद गेली नाही, आणि तरीही फाइलीतली पुढची सेटव्हॅलची ओळ यशस्वीपणे चालली, असे घडते. नोंदी जागच्या जागी राहतात, सीक्वेन्स मात्र मागे जातो आणि ज्या लाइव्ह टेबलात आपण एकही नवी नोंद घातली नाही तिथे रोजच्या कामात ‘डुप्लिकेट की’ येऊ लागते. त्या सकाळी कुणीही आदल्या रात्रीच्या फसलेल्या प्रयत्नाकडे बोट दाखवत नाही, कारण तो तर फसला होता असेच सगळे धरून चाललेले असतात.

यापासून वाचण्याचे मार्ग साधनातच आहेत, फक्त ते मुद्दाम चालू करावे लागतात. पीएसक्यूएल चालवताना ऑन-एरर-स्टॉप हे चल चालू करावे आणि सगळी फाइल एकाच व्यवहारात चालवण्याचा पर्याय द्यावा, म्हणजे कॉपी फसल्यावर पुढची सेटव्हॅलची ओळ चालतच नाही. पीजी-रिस्टोअर वापरत असाल तर एक्झिट-ऑन-एरर आणि सिंगल-ट्रान्झॅक्शन हे पर्याय तेच काम करतात. कस्टम प्रकारच्या डंपमध्ये त्याहून बारकाईचा उपाय मिळतो: पीजी-रिस्टोअरकडून आधी मजकुराची यादी काढायची, ‘सीक्वेन्स सेट’ असे लिहिलेल्या ओळींच्या आरंभी अर्धविराम टाकायचा, आणि त्या सुधारित यादीनुसार रिस्टोअर करायचे. एररनंतरही चालत राहणे ही पूर्वापार सवय आहे आणि ती अनेकांच्या स्क्रिप्टमध्ये गृहीत धरलेली असणार हे मला समजते. तरीही डेटा-ओन्ली फाइलच्या बाबतीत थांबणे हाच मूळ स्वभाव असायला हवा होता असे माझे ठाम मत आहे.

ट्रिगर (टेबलात नोंद आली की आपोआप चालणारी आज्ञा) हाही याच ठिकाणचा खड्डा आहे. ऑर्डर नोंदली की ट्रिगर स्टॉकच्या टेबलात आपोआप एक ओळ घालतो, आणि डंपमध्ये स्टॉकचे टेबलही असते. ऑर्डरी भरताना ट्रिगरने ओळी बनवल्या, नंतर स्टॉकच्या मूळ ओळी आल्या आणि अडल्या. डिसेबल-ट्रिगर्स हा पर्याय डेटा-ओन्ली डंपसाठीच दिलेला आहे, पण तो वापरायला सुपरयूजरचा अधिकार लागतो आणि त्या काळात फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या किल्लीची) तपासणीही बंद राहते, हे विसरू नये.

कॉपी ही सोय वेगाच्या बाबतीत उत्तम आणि एररच्या बाबतीत कठोर आहे. एक ओळ अडली की सगळी कॉपी रद्द होते. हा कठोरपणा मला पटतो, कारण अर्धवट भरलेल्या टेबलापेक्षा रिकामे टेबल बरे. आवृत्ती 17 मध्ये, म्हणजे 2024 साली, कॉपीला ऑन-एरर-इग्नोअर हा पर्याय मिळाला तेव्हा अनेकांना वाटले की आता दुबार नोंदी आपोआप वगळल्या जातील. तसे होत नाही. हा पर्याय फक्त किंमतीचा प्रकार बदलता न आलेल्या ओळी वगळतो, म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरे आली अशा ओळी. युनिक कन्स्ट्रेंटच्या भंगाला तो हात लावत नाही. कॉपीसोबत ऑन कॉन्फ्लिक्टही देता येत नाही.

म्हणून कॉपी थेट खऱ्या टेबलात न करता आधी त्याच घडणीच्या, पण कन्स्ट्रेंट नसलेल्या तात्पुरत्या टेबलात करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्या टेबलात सगळ्या नोंदी निमूटपणे उतरतात आणि मग शांतपणे प्रश्न विचारता येतात. फाइलमध्येच एकच किल्ली दोनदा आली आहे का, हे ग्रुप बाय करून कळते. कोणत्या किल्ल्या लाइव्हवर आधीच आहेत, हे जॉइन करून कळते. आणि त्यांपैकी किती नोंदी अक्षरशः तशाच आहेत, हे एक्सेप्ट या क्रियेने कळते: तात्पुरत्या टेबलातून लाइव्ह टेबल वजा केले की जे उरते ते एकतर नवे असते किंवा बदललेले असते. एक्सेप्ट दोन नल किंमतींना समान मानते, त्यामुळे रिकाम्या रकान्यांमुळे खोटे फरक दिसत नाहीत. नोंद एकच की वेगळी, या मूळ प्रश्नाचे उत्तर पोस्टग्रेसच्या साऱ्या साधनांत मला इथेच सर्वांत स्वच्छ मिळते.

अशाच एका तपासणीत पार्ट्यांच्या टेबलावर आलेली एरर मला नमुनेदार वाटते. डिटेलच्या ओळीत लिहिले होते: जीएसटीआयएनची (जीएसटी क्रमांकाची) किंमत, आणि कंसात काहीच नाही, आधीच अस्तित्वात आहे. रिकामी किंमत आधीच अस्तित्वात आहे याचा अर्थ काय? सोलापुरातल्या अनेक लहान गिऱ्हाइकांकडे जीएसटीची नोंदणी नसते. लाइव्हवर त्यांच्या रकान्यात नल होते आणि युनिक कन्स्ट्रेंट नल कितीही वेळा चालवून घेते. फाइल मात्र सगळे रकाने अवतरणचिन्हांत टाकणाऱ्या दुसऱ्या एका साधनाने काढलेली होती. कॉपीच्या सीएसव्ही पद्धतीत अवतरणचिन्हांशिवायचा रिकामा रकाना नल समजला जातो, तर अवतरणचिन्हांतला रिकामा रकाना ही शून्य अक्षरांची खरीखुरी किंमत समजली जाते, आणि ती दुसऱ्यांदा आली की दुबार ठरते. कॉपीच्या फोर्स-नल या पर्यायात तो स्तंभ नमूद केला की प्रश्न सुटतो. आवृत्ती 15 पासून नललाही दुबार मानणारे युनिक कन्स्ट्रेंट बांधता येते. एका प्रतीवर ते तसे आणि दुसऱ्या प्रतीवर जुन्या पद्धतीचे असेल, तर हीच एरर नल असतानाही येईल.

जीएसटी क्रमांकाला युनिक ठरवणेच कितपत योग्य आहे, हा त्यापुढचा प्रश्न. 15 अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29, तेलंगणाचे 36. सोलापूरच्या पार्टीची विजयपूरला किंवा हैदराबादला शाखा असेल तर तिचा क्रमांक वेगळा असतोच, पण त्याच पार्टीची इचलकरंजीची शाखा बहुधा सोलापूरच्याच क्रमांकावर चालते. टेस्टवर हे कन्स्ट्रेंट नसल्यामुळे दोन्ही शाखा सुखाने नांदतात आणि लाइव्हवर गेल्यावर दुसरी अडते. येथे एरर खरे बोलत असते, चुकीचे असते ते कन्स्ट्रेंट. बिल क्रमांकाचेही तसेच आहे. कायद्याने बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षापुरता अनन्य असावा लागतो, म्हणून युनिक कन्स्ट्रेंट वर्ष आणि क्रमांक या जोडीवर हवे. एका प्रतीवर ते केवळ क्रमांकावर राहून गेले असेल तर 1 एप्रिलनंतरची पहिलीच बिले नेताना ते उघडे पडते. नोंदी नेण्याआधी दोन्ही प्रतींचे स्कीमा-ओन्ली (फक्त टेबलांच्या रचनेचे) डंप काढून त्यांची ओळीगणिक तुलना करणे, हे पीजी-डंपचे मला सर्वांत आवडलेले आणि सर्वांत कमी वापरले जाणारे काम आहे.

ऑन कॉन्फ्लिक्ट ही सोय जानेवारी 2016 मध्ये आवृत्ती 9.5 सोबत आली. ती आल्यापासून ‘डुप्लिकेट की’ वरचा सर्वांत लोकप्रिय सल्ला ‘डू नथिंग’ (नोंद अडली तर वगळ) लिहा असाच झाला आहे, आणि पीजी-डंपमध्येही आवृत्ती 12 पासून इन्सर्टच्या (नोंद घालण्याच्या आज्ञेच्या) रूपात डंप काढताना हा पर्याय जोडता येतो. सोय स्वतः उत्कृष्ट बांधणीची आहे, त्याबद्दल शंका नाही. एकाच वेळी दोन जण तीच नोंद घालत असले तरी ती गडबडत नाही. डू अपडेटला (नोंद अडली तर जुनी अद्ययावत कर, या दुसऱ्या पर्यायाला) कोणत्या किल्लीवरचा संघर्ष हे सांगावेच लागते, ही सक्ती मला विशेष आवडते, कारण ती लिहिणाऱ्याला विचार करायला लावते. आयडीवरचा संघर्ष हाताळा असे सांगितले आणि नोंद डिझाइन कोडवर अडली, तर एरर येतेच आणि यायलाच हवी. येणाऱ्या नोंदींतच एक किल्ली दोनदा असेल तर डू अपडेट एकाच ओळीला दुसऱ्यांदा हात लावायला नकार देते, तेही योग्यच आहे.

परंतु डू नथिंगला किल्ली सांगण्याची सक्ती नाही. किल्ली न सांगता ते लिहिले की कोणत्याही युनिक कन्स्ट्रेंटवर अडलेली नोंद निमूटपणे वगळली जाते, आणि शेवटी फक्त किती नोंदी गेल्या तो आकडा दिसतो. टेस्टवर 813 क्रमांकावर नव्या जॅकार्ड टॉवेलची नोंद असते, लाइव्हवर 813 क्रमांकावर त्याच दिवशी दुसऱ्याच कुणी भरलेल्या नॅपकिनची असते. डू नथिंगने जॅकार्ड टॉवेल वगळला जातो आणि त्याच्या मागून येणाऱ्या रंगछटांच्या नोंदी, ज्या 813 कडे बोट दाखवत असतात, त्या नॅपकिनला जाऊन चिकटतात. फॉरेन की तक्रार करत नाही, कारण 813 अस्तित्वात आहेच. अशी सरमिसळ नंतर निस्तरणे फार अवघड असते. त्यामुळे नोंदी एकच आहेत हे आधी सिद्ध झाले असेल तेव्हाच, आणि किल्ली स्पष्ट लिहूनच, डू नथिंग वापरावे.

नोंदी वेगळ्या निघाल्या तर काय करावे? दोन दुकानांनी आपापली छापील पावतीपुस्तके एकपासून सुरू केली तर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघणारच, तसेच हे आहे आणि इथे मूळ क्रमांक टिकवण्याचा हट्ट सोडावा लागतो. नोंदी आयडीशिवाय घालून लाइव्हच्या सीक्वेन्सकडून नवे आयडी घ्यायचे, जुना आयडी आणि नवा आयडी यांची जोडी एका मॅपिंग टेबलात ठेवायची, आणि या नोंदींकडे बोट दाखवणाऱ्या टेबलांतील फॉरेन की त्या जोडीवरून बदलून मगच त्या नोंदी न्यायच्या. यासाठी पोस्टग्रेसमध्ये तयार साधन नाही, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या संचातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. घातलेल्या नोंदीचे स्तंभ परत देणाऱ्या रिटर्निंगने नवे आयडी मिळतात, पण इन्सर्टमध्ये मूळ ओळीचा जुना आयडी परत मागता येत नाही, कारण तो लक्ष्य टेबलाचा स्तंभ नसतो. 2022 साली आवृत्ती 15 मध्ये आलेल्या मर्जला (जुळली तर बदल, नाहीतर घाल, अशा आज्ञेला) आवृत्ती 17 पासून रिटर्निंग मिळाले आणि त्यात स्रोताचे स्तंभही मागता येतात, त्यामुळे मॅपिंग आता एकाच विधानात बनते. एवढ्या एका कारणासाठीही जुन्या आवृत्तीवरून 17 वर जाणे मला रास्त वाटते.

मुळातच टक्कर होऊ नये असे वाटत असेल तर टेस्टच्या सीक्वेन्सला फार पुढच्या आकड्यापासून सुरू करून ठेवावे. साध्या इंटिजर स्तंभाची मर्यादा 2147483647 आहे, तेव्हा जागा भरपूर असते. नव्याने रचना करणाऱ्यांनी यूयूआयडीचा (सीक्वेन्सऐवजी वापरायच्या, टक्कर न होणाऱ्या लांब ओळखक्रमांकाचा) विचार करावा. आवृत्ती 13 पासून त्यासाठी वेगळे एक्स्टेंशन लागत नाही आणि आवृत्ती 18 मध्ये वेळेनुसार क्रम राखणारा सातवा प्रकारही अंगभूत मिळतो. आवृत्ती 10 पासूनचा ‘जनरेटेड ऑल्वेज’ हा आयडेंटिटी स्तंभही उपयोगी आहे, कारण साध्या इन्सर्टमधून हाताने आयडी देण्याला तो नकार देतो. कॉपी मात्र त्याला जुमानत नाही आणि फाइलमधला आयडी तसाच लिहिते.

एका दुर्मीळ पण घाबरवणाऱ्या प्रकाराचा उल्लेख करायलाच हवा. कधी कधी पूर्ण डंप रिकाम्या जागी रिस्टोअर करतानाही शेवटी ‘युनिक इंडेक्स बनवता आला नाही’ अशी एरर येते, म्हणजे स्रोतामध्येच, युनिक इंडेक्स असूनही, दुबार नोंदी असतात. याचे एक ठाऊक कारण म्हणजे लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीच्या 2018 सालच्या 2.28 आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. डेटाची फोल्डर जुन्या लिनक्सवरून उचलून नव्यावर तशीच ठेवली की जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने वाचला जातो, आधीची नोंद सापडत नाही आणि दुबार नोंद आत शिरते. अ‍ॅमचेक हे सोबत येणारे एक्स्टेंशन असा बिघडलेला इंडेक्स दाखवून देते. आधी दुबार नोंदी निवडून काढाव्यात आणि मगच रीइंडेक्स करावे (इंडेक्स नव्याने बांधावा), कारण दुबार नोंदी असताना युनिक इंडेक्स पुन्हा बांधला जात नाही.

याच्या उलट, जिथे एरर यायला हवी तिथे ती न येण्याचा प्रकार सोलापुरात जास्त भेटतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या या शहरात पार्टीचे एकच नाव चार जण चार प्रकारे लिहितात, आणि देवनागरीत तर दिसायला सारखी नावेही आतून वेगळी असू शकतात. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही, पण पोस्टग्रेसच्या युनिक इंडेक्सला त्या दोन वेगळ्या किंमती वाटतात. आवृत्ती 13 पासूनचे नॉर्मलाइझ हे (असे वेगळे संकेत एकसारखे करणारे) फंक्शन तात्पुरत्या टेबलावर चालवून मगच तुलना करावी. नावावर युनिक कन्स्ट्रेंट ठेवून निश्चिंत राहू नये.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात: ही सगळी साधने विनामूल्य आणि मुक्त परवान्याची आहेत, लहान कारखान्यालाही परवडतात, आणि त्यांचे अधिकृत दस्तऐवज मी वाचलेल्या तांत्रिक लेखनात सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले आहेत, मात्र ते इंग्रजीत आहेत आणि नवख्या माणसाला सेटव्हॅल मागे जाण्यासारखी गोष्ट त्यातून आपणहून सापडेल असे नाही. बटणे दाबून टेबल एका प्रतीतून दुसरीकडे नेणारी चित्रमय साधने सोयीची आहेत, पण त्यांपैकी कोणतेही वापरले तरी नोंदी गेल्यावर सीक्वेन्स आणि कमाल आयडी यांची तुलना स्वतः करून पाहावी. पूर्ण प्रतीसाठी पीजी-डंपची मी बिनशर्त शिफारस करतो. निवडक नोंदींसाठी तात्पुरते टेबल, कॉपी, एक्सेप्ट आणि त्यानंतर किल्ली लिहून केलेले ऑन कॉन्फ्लिक्ट, याच क्रमाने शिफारस करतो. लाइव्हवर थेट डेटा-ओन्ली फाइल चालवण्याची शिफारस मी करत नाही. ती चालवावीच लागली तर ऑन-एरर-स्टॉप, एकच व्यवहार आणि सीक्वेन्सच्या ओळी वगळलेली यादी, या तिन्ही गोष्टींसह आणि डिस्पॅच सुरू होण्याच्या पुरेशा आधी चालवावी.